आमची वाटचाल: एक सर्व्हर, अनेक डोमेन आणि मधल्या भिंती

आम्ही वेबसाइट बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेल्या सांभाळतो. ओळख करून देताना हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर समोरचा माणूस डिझाइनचे नमुने मागतो आणि आमच्याकडे दाखवायला सर्व्हरच्या सूचनांच्या कॉन्फिग फायलींखेरीज काही नसतं. फर्म लहान, ग्राहकही लहानच: छोटे व्यावसायिक, संस्था, एखाद-दुसरा लेखक. स्वतंत्र सर्व्हर त्यांना परवडत नाही आणि लागतही नाही. एकाच सर्व्हरवर या सगळ्यांना गुण्यागोविंदाने नांदवायचं, हाच आमचा धंदा.

तो शक्य झाला ब्राउझर पाठवतो त्या एका ओळीमुळे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीत विनंतीत कोणतं पान हवं ते असायचं, पण कोणत्या डोमेनचं ते सांगायची सक्ती नव्हती. म्हणून प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागायचा. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं आणि होस्ट हेडर, म्हणजे डोमेनचं नाव सांगणारी ती ओळ, सक्तीची झाली. एक आयपी, हवी तितकी डोमेन, आणि प्रत्येकासाठी कॉन्फिगमध्ये एक व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे त्या डोमेनपुरत्या नियमांचा विभाग. आपलं पोट या एका ओळीवर चालतं, असं मी नव्या मुलांना सांगतो. त्यांना ती अतिशयोक्ती वाटते.

आम्ही सुरुवात केली तेव्हा अपाची २.२ हे वेब-सर्व्हर सॉफ्टवेअर, प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस देणारी त्याची प्रीफोर्क पद्धत आणि साइटचा पीएचपी कोड अपाचीच्या आतच चालवणारं मॉड-पीएचपी असा सरसकट सगळीकडे एकच संच असायचा. एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली जोडणी, घ्यायचं ते फक्त ऑनलाइन पैसे घेणाऱ्यांनी, कारण त्यासाठी पुन्हा वेगळा आयपी. एन्क्रिप्शनची बोलणी होस्ट हेडर पोहोचण्याआधीच होतात, त्यामुळे कोणाचं सर्टिफिकेट (डोमेनचं ओळखपत्र) पुढे करायचं हे सर्व्हरला कळायचं नाही. त्यावरचा उपाय, एसएनआय, म्हणजे बोलणी सुरू होतानाच डोमेनचं नाव सांगणं, २००३ पासून कागदावर होता. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच जमला नाही. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट थांबवला, डिसेंबर २०१५ मध्ये फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर ज्याला त्याला पत्त्याशेजारचं कुलूप हवं झालं.

आमची खरी वाढ त्याच काळातली, आणि ती झाली दुसऱ्यांनी मांडून ठेवलेले सर्व्हर ताब्यात घेऊन. अशा एका सर्व्हरवरच्या ग्राहकाचा फोन आला: "अहो, माझ्या पत्त्यावर दुसऱ्याच कंपनीची साइट उघडतेय!" त्यांनी पत्त्याआधी एचटीटीपीएस टाइप केलं होतं, आणि त्यांच्या डोमेनसाठी एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टवर व्हर्च्युअल होस्टच नव्हता. अशा वेळी सर्व्हर 'सापडलं नाही' म्हणत नाही. त्या पोर्टवरचा जो पहिला होस्ट असेल, त्यालाच हजर करतो. पहिला कोण, हे ठरतं फायली वाचल्या जातात त्या क्रमाने, म्हणजे बहुधा वर्णानुक्रमाने. डेबियन या लिनक्सवाल्यांनी आपल्या डीफॉल्ट होस्टच्या फाइलचं नाव शून्यांनी सुरू केलंय ते उगीच नाही.

तेव्हापासून कोणताही सर्व्हर हाती आला की आधी अपाचीला मोठ्या एसचा (-S) पर्याय देऊन यादी काढतो. कोणता होस्ट कोणत्या पोर्टवर, डीफॉल्ट कोण, सगळं समोर येतं. मग पहिल्या जागी कोणाचाच नसलेला, रिकामा होस्ट बसवतो. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब-सर्व्हरवर हे आणखी सोपं: अनोळखी नावाला ४४४ हा कोड परतवला की उत्तर न देता जोडणी तुटते, आणि १.१९.४ पासून टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्शनची, बोलणीसुद्धा नाकारता येतात. थेट आयपीवर दार ठोठावत फिरणारे बॉट तिथेच संपतात, त्यांच्यासाठी पीएचपी जागंच होत नाही. दुसरा फायदा कमी लोकांना ठाऊक असतो. पासवर्ड बदलण्याची लिंक बनवताना काही ॲप्लिकेशन होस्ट हेडरवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. हल्लेखोराने त्यात स्वतःचं डोमेन घुसवलं, तर ग्राहकाच्या मेलमध्ये त्याची लिंक जाते. नाव न जुळणारी विनंती ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचलीच नाही, तर हा डाव बसत नाही.

सुरक्षेचं काम केलं आणि वेग फुकटात मिळाला, हे पुढे वारंवार घडलं. सर्वांत मोठं उदाहरण पीएचपीचं. मॉड-पीएचपीत सगळ्या साइट एकाच युजरखाली चालतात. एका ग्राहकाचं प्लगइन जुनं होतं, त्यातून कोणीतरी आत शिरलं आणि शेजारच्या साइटच्या फोल्डरमध्येही त्याच्या फायली सापडल्या. आत आलेल्याला सगळ्यांचे डेटाबेस पासवर्ड वाचता येत होते. मधे भिंतच नव्हती. त्यानंतर आम्ही प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा युजर, स्वतःचा एफपीएम पूल (पीएचपी वेगळं चालवणाऱ्या एफपीएममधला प्रोसेसचा गट) आणि स्वतःचं सॉकेट (वेब-सर्व्हरने त्या पूलशी बोलायची वाट) दिलं. एफपीएम २०१० पासून, ५.३.३ आवृत्तीपासून, पीएचपीतच आहे, त्यामुळे बाहेरून काही आणावं लागलं नाही.

मेमरीचा आकडा बघून मात्र आम्हीच चकित झालो. प्रीफोर्कमध्ये नुसतं एक चित्र पाठवणारी प्रोसेससुद्धा अख्खं पीएचपी अंगावर वागवत असते. पीएचपी वेगळं निघालं, अपाची प्रीफोर्क सोडून, कमी प्रोसेसमध्ये जास्त जोडण्या सांभाळणाऱ्या इव्हेंट एमपीएमवर गेलं आणि तोच सर्व्हर जास्त पाहुणे झेलू लागला. एचटीटीपी २ या पुढच्या आवृत्तीचा रस्ताही तेव्हाच मोकळा झाला, कारण २.४.२७ पासून अपाचीचं ते मॉड्यूल प्रीफोर्कबरोबर चालतच नाही.

भिंती फुकट मात्र उभ्या राहत नाहीत. प्रत्येक पूलची कमाल प्रोसेस-संख्या एकेकटी पाहिली तर माफक वाटते. सगळ्यांची बेरीज रॅममध्ये मावते का, हे पाहायला हवं. शांत साइटला आम्ही 'ऑनडिमांड' लावतो, म्हणजे कोणी आलं तरच प्रोसेस उठते. पहिल्या पाहुण्याला क्षणभर थांबावं लागतं, ते चालतं. शिवाय एकाच एफपीएम मास्टरखालचे (मुख्य प्रोसेसखालचे) पूल ऑपकॅशची, म्हणजे तयार पीएचपी कोड साठवण्याची, मेमरी वाटून घेतात, म्हणजे भिंतीला तिथे एक फट राहते. ज्यांचा डेटा खरोखर नाजूक आहे त्यांच्यासाठी आम्ही स्वतंत्र मास्टर चालवतो आणि बिलात तसं लिहितो.

डेव्हलपर मंडळींशी सर्वांत जास्त वाद झाला तो एचटीॲक्सेसवरून, म्हणजे साइटच्या फोल्डरमध्येच ठेवायच्या नियमांच्या फाइलवरून. ती फाइल चालू ठेवली की अपाची प्रत्येक विनंतीला, मुळापासून त्या फायलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये, ती आहे का ते शोधतं. नसली तरी शोधतं. वर, फोल्डरमध्ये लिहिण्याची संधी मिळालेला हल्लेखोर तीच फाइल टाकून सर्व्हरचे नियम बदलू शकतो. आम्ही त्या फाइलला परवानगी देणारं अलाउओव्हरराइड बंद करून सगळे नियम व्हर्च्युअल होस्टच्या फाइलमध्ये आणले. "एक रीडायरेक्ट टाकायला तुम्हाला फोन करायचा का?" हो, करायचा. त्यासाठीच महिन्याचे पैसे घेतो. एकदोघे सोडून गेले. एकाला सगळ्या फोल्डरना ७७७, म्हणजे कोणीही वाचावं-लिहावं अशी, परवानगी हवी होती. त्याला निरोप आम्हीच दिला.

आता प्रत्येक डोमेनची फाइल एकाच टेम्पलेटमधून तयार होते. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालत नाही. फोल्डरची यादी दिसत नाही. टिंबाने सुरू होणारी प्रत्येक गोष्ट बंद, म्हणजे विसरून राहिलेलं गिट (कोडचा इतिहास) आणि एन्व्ह या सेटिंगच्या फायलीतले पासवर्ड बाहेर जात नाहीत. अपवाद फक्त वेल-नोन फोल्डरचा, कारण सर्टिफिकेट देणारे डोमेनची खातरजमा बहुधा तिथूनच करतात. एनजिनएक्सची एक खोड टेम्पलेटमध्ये ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहे: सर्व्हर ब्लॉकमध्ये सुरक्षेचे सगळे हेडर (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचना) नीट लावले आणि आतल्या एखाद्या लोकेशनमध्ये, म्हणजे ठरावीक पत्त्यांसाठीच्या उपविभागात, कॅशसाठी एकच ॲड-हेडर टाकलं, तर त्या लोकेशनपुरते वरचे सगळे गळून पडतात. एररही येत नाही.

एचएसटीएसच्या, म्हणजे 'इथे फक्त एचटीटीपीएसनेच ये' या ब्राउझरला दिलेल्या आदेशाच्या, बाबतीत मी घाबरट आहे आणि तसाच राहणार. ३१५३६००० सेकंदांची मुदत दिली, तर वर्षभर ब्राउझर तो आदेश लक्षात ठेवतो. सबडोमेनही त्यात घेतली आणि ग्राहकाचं एखादं जुनं सबडोमेन एचटीटीपीएसविना चालू असलं, तर ते येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बंदच. सर्व्हरवरची ओळ नुसती काढून टाकून उपयोग होत नाही. म्हणून आधी काही मिनिटांची मुदत, मग दिवसाची, मग वर्षाची.

लॉगमध्ये मात्र भिंतींचा अतिरेक नडतो. प्रत्येक होस्टला ॲक्सेस आणि एरर अशा दोन फायली दिल्या की साइट वाढतील तशा उघड्या फायली वाढतात, आणि १०२४ ची नेहमीची मर्यादा वाटते त्यापेक्षा जवळ असते. ॲक्सेस लॉग आम्ही एकच ठेवतो, प्रत्येक ओळीत होस्टचं नाव छापतो आणि रात्री तो ग्राहकवार फोडतो.

सध्या सगळा जोर सर्टिफिकेटवर आहे. त्यांची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असं सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या सीए-ब्राउझर फोरममध्ये ठरलं आहे. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केली. नूतनीकरण आपोआप होतं, पण डिस्कवर नवं सर्टिफिकेट आलं तरी सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो, आणि नूतनीकरणाचा लॉग मात्र सगळं ठीक म्हणतो. म्हणून आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तो रोज दुसऱ्या नेटवर्कवरून प्रत्येक डोमेनचं नाव एसएनआयमध्ये देऊन जोडणी करतो, प्रत्यक्ष समोर आलेल्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि तारीख वाचतो, आणि दोन्हींपैकी काही चुकलं तर ग्राहकाच्या आधी आमचा फोन वाजवतो.