पीनट बटर चालणार नाही

अमेरिकेतल्या विज्ञानकथा-संमेलनांवर, म्हणजे वेश करून जमणाऱ्या चाहत्यांच्या मेळाव्यांवर, फार्स लिहिला, तर ते जग ठाऊक नसलेला प्रेक्षक हसेल का? हा प्रश्न नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: हसेल. पण टोकदार कान आणि सुटलेली पोटं यांवरच विनोद बेतलात, तर दहा मिनिटांत दारूगोळा संपेल. खरी गंमत त्या मंडळींच्या नियमांत आणि भांडणांत आहे.

भांडणं पहिल्या दिवसापासूनची. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं. माणसं जेमतेम दोनशे, तरी आयोजकांनी विरोधी गटातल्या सहा जणांना आत येऊ दिलं नाही. त्यांत पुढे नावाजलेले लेखक फ्रेडरिक पोल होते. ह्युगो या विज्ञानकथांच्या पुरस्कारासाठी याच संमेलनाची मंडळी मतं देतात; त्याच्या मतपत्रिकेवर ‘कुणालाच नको’ हाही पर्याय असतो आणि २०१५ मध्ये पाच विभागांत तोच जिंकला! त्याचाच प्रचार करत फिरणारं एक पात्र हवंच.

नियमांचं उदाहरण १९७२ चं. लॉस एंजेलिसच्या संमेलनात एक स्पर्धक अंगाला पीनट बटर फासून वेशभूषा स्पर्धेत उतरला. दिव्यांच्या उष्णतेने ते वितळलं आणि व्हायचा तो घोळ झाला. तेव्हापासून ‘पीनट बटर चालणार नाही’ ही सूचना अशा स्पर्धांच्या पत्रकांत दिसते. नाटकात पहिल्याच प्रवेशात स्वयंसेविकेला सूचना वाचू द्या: तलवार म्यानाला बांधलेली हवी, रोज किमान पाच तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ, पीनट बटर नाही. का नाही, ते कुणी सांगायचं नाही. दुसऱ्या अंकात बरणी दिसली की प्रेक्षक आपणहून हसतो.

जागा एकच ठेवा, हॉटेलमधली पार्टीची खोली. दारं तीन: कॉरिडॉर, बाथरूम, शेजारची खोली. बाथरूमच्या टबात बर्फ आणि सोड्याचे कॅन, हे तिथलं खरं चित्र आहे. म्हणजे रोजची एक आंघोळ करायला आलेल्या माणसाची पंचाईत आयतीच तयार. खालच्या हॉलमध्ये त्याच रात्री कुणाचं तरी लग्न ठेवा. प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारायला हॉटेलचा नाइट मॅनेजर पुरतो. ही मंडळी जिची चाहती आहेत ती टीव्ही मालिका मात्र काल्पनिक घ्या. तिच्याबद्दल तीनच गोष्टी ठसवा: सलाम कसा करतात, शत्रू कोण, आणि शेवटचा सीझन वाईट होता. तिसरी समजवावी लागत नाही.

दारं विंगेकडे उघडणारी करा, नाहीतर येणारा नट दारामागे झाकला जातो. आपटली की फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची खोटी भिंत, हलतो, म्हणून मागून तिरके टेके आणि त्यांवर वाळूच्या पिशव्या.

सगळ्यात जास्त घोळ पोशाखांत होतो. चिलखताला १० मिलिमीटर ईव्हीए फोम (चपलांच्या तळाला असतो तसला हलका फोम), शिरस्त्राणाला ५. आधी हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवून पृष्ठभाग आवळून घ्यायचा, मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, मग रंग. हे टाळलं तर फोम रंग पितो आणि सांध्यावर तडे जातात. बंद शिरस्त्राणातून शब्द गुदमरतात, पायऱ्या दिसत नाहीत आणि डोळे झाकल्यामुळे अर्धा विनोद जातो. त्या पात्राला पंचची वाक्यं देऊच नका, फक्त अडचणी द्या. अँटेना दारात अडकवायची असेल तर मुळाशी स्प्रिंग हवी. ताठ बसवली तर दोन-तीन प्रयोगांत मोडते. वेल्क्रोचा चर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, तेव्हा विंगेतल्या झटपट बदलासाठी लोहचुंबक किंवा मोठे हूक वापरा.

छातीवरच्या बिल्ल्याला रंगीत रिबिनी एकाखाली एक चिकटवत जायची तिथे हौस असते. ही प्रॉपर्टी स्वस्त आहे आणि बोलकी. प्रत्येक प्रवेशात एकाची रिबीन वीतभर वाढवा, शेवटी ती गुडघ्याखाली जाऊन दारात सापडू दे.

प्रयोग प्रत्यक्ष संमेलनातच करायचा असेल, तर हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये बहुधा फूटभर उंचीचा मंच मिळतो. विंगा नसतात आणि पुरा ब्लॅकआउट होत नाही. घडीचे उभे तीन पडदे दारं म्हणून चालतात, दार आपटल्याचा आवाज मागून दोन फळ्यांनी द्यायचा. संमेलनातला प्रेक्षक मालिकेतली चूक काढायला वाक्याच्या मध्येच हात वर करतो. तालमीत त्याच्यासाठी एक-दोन उत्तरं तयार ठेवा.