आमची वाटचाल : शिडाच्या नौकेची निगा

आमच्या व्यवसायाची सुरुवात गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या जे-२४ या प्रकारच्या एका जुन्या, लहान शिडाच्या नौकेपासून झाली. ती विकत घेतली तेव्हा तिची देखभाल जाणणारा माणूस मुंबईत सहजासहजी मिळत नव्हता. मच्छीमार नौकांचे सुतार उत्तम होते, परंतु फायबरग्लासच्या लहान शिडाच्या नौकेची दुखणी वेगळी असतात. त्याआधी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. असे काम आपल्या किनाऱ्यावर होऊ शकते, या विश्वासावर आम्ही दुरुस्ती स्वतः हाती घेतली. पुढे शेजारच्या मालकांनीही आपापल्या नौका सोपवल्या आणि त्यातून व्यवसाय उभा राहिला.

जे-२४ ची लांबी सुमारे ७.३ मीटर. तिच्या साधारण १४०० किलो वजनापैकी ४३० किलोंच्या आसपास वजन एकट्या कीलमध्ये, म्हणजे तळाला बोल्टांनी बसवलेल्या शिशाच्या पात्यात असते. शिडात वारा भरून नौका कलली की हेच वजन तिला सावरते आणि पात्याची रुंद बाजू तिला आडवे सरकू देत नाही. म्हणून नौका पाण्याबाहेर आली की आमची पहिली नजर कील आणि तळ यांच्या सांध्यावर जाते. नौका कोरडी उभी राहिल्यावर त्या सांध्यातून तांबूस ओघळ उतरू लागला, तर पाणी बोल्टांपर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावी. मग रंगरंगोटी बाजूला ठेवून आधी बोल्ट पाहावे लागतात. हा खर्च मालकाला सांगणे अवघड असते, कारण वरून नौका देखणीच दिसत असते; तरीही या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

डेकमध्ये, म्हणजे नौकेच्या वरच्या पृष्ठभागात, फायबरग्लासच्या दोन थरांच्या मध्ये बाल्साचे लाकूड असते. लाकडी हातोडीने हलकेच ठोकत गेले की कोरड्या जागी खणखणीत आवाज येतो, आणि पाणी मुरलेल्या जागी तो बद्द होतो. आमचे कारागीर कानाने हा फरक ओळखून खडूने खुणा करतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून ते कापसाचा बोळा फिरवतात. तारेतला एखादा पेड तुटला असेल तर कापूस तेथेच अडकतो.

आमचे वर्ष पावसाळ्याभोवती बांधलेले आहे. मे महिना संपण्यापूर्वी नौका क्रेनने बाहेर काढायच्या, तळाला चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कठीण कवचाचे लहान समुद्री जीव, खरवडायचे आणि पावसाळाभर डागडुजी करायची. तळाचा तांबेयुक्त रंग मात्र आम्ही पाऊस ओसरल्यावरच देतो, कारण दमट हवेत तो नीट धरत नाही.

नौका चालवल्याशिवाय तिची नस कळत नाही, म्हणून मालकांना आम्ही सर्वप्रथम भरती-ओहोटीचा हिशेब शिकवतो. मुंबई बंदरात उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला, पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे किनाऱ्यावरचे जुने गणित. अष्टमीला ती सकाळी सहाच्या सुमारास येते. तेव्हा भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, त्या दिवसांत ओहोटी आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा यांच्या साथीने सकाळी दक्षिणेला खांदेरी बेटाकडे निघावे, आणि दुपारी वायव्येचा खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, वारा सुटल्यावर तो डाव्या अंगाने घेत भरतीबरोबर परतावे. हिवाळ्यात बंदरातून काढलेल्या अशा दिवसाहून सुंदर दिवस आम्हाला ठाऊक नाही.

नौका भाड्याने फिरवण्याचा धंदा अधिक कमाईचा होता आणि तसे सल्लेही पुष्कळ मिळाले, परंतु आम्ही तो मार्ग जाणीवपूर्वक टाळला. रोज नव्या हातांत जाणाऱ्या नौकेची निगा राखणे आमच्या पद्धतीत बसत नाही. उलट, नवी नौका देखभालीसाठी घेताना मालकाने पहिल्या पावसाळ्यात काही दिवस तरी कारागिरांबरोबर शेडमध्ये काम करावे, अशी आमची अट असते. ज्याने आपल्या नौकेचा तळ स्वतः खरवडला आहे, तो तिला उथळ पाण्यात बेफिकिरीने नेत नाही.

शिडांची दुरुस्ती आजवर आम्हाला बाहेर द्यावी लागत होती, आणि उन्हाने विरलेल्या डेक्रॉनच्या (शिडांच्या पॉलिएस्टर कापडाच्या) शिवणी हंगामाच्या तोंडावर उसवल्या की नौका अडकून पडत. आता शेडमध्येच मोठे झिगझॅग शिवणयंत्र बसवले आहे. कोळीवाड्यातल्या दोन मुली त्यावर हात बसवत आहेत, आणि या पावसाळ्यातील शिडे त्यांच्याकडेच दिली आहेत.