हळदीचा डाग

रविवारी जेवताना वरणाचा ओघळ पांढऱ्या शर्टावर आला. घरात कुणी नव्हतं, म्हणून मीच मोरीत जाऊन डागावर धुण्याच्या साबणाची वडी घासली. पिवळा डाग क्षणात लालभडक! कुणी पाहिलं असतं तर खून झाला म्हणून बोंब ठोकली असती. वर अर्धं लिंबू पिळलं, तर परत पिवळा. मग डाग काढायचं राहिलंच. साबण, लिंबू, साबण, लिंबू, असा अर्धा तास खेळत बसलो. वय वर्षं ५२.

आजी घरी कुंकू करायची ते यातलंच. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून वाळवायची, मग कुटायची. पिवळ्याचं लाल कसं झालं विचारलं की म्हणायची, "खार लागला की रंगते ती."

लिंबू म्हणजे आम्ल, साबण म्हणजे अल्क. आम्ल आणि अल्क एकमेकांचा जोर मारतात, त्याला पुस्तकात उदासिनीकरण म्हणतात. हा शब्द मला अजून पटलेला नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा, दोघंही कातडी सोलणारे. भेटले की भांडं तापतं आणि मागे उरतं मिठाचं पाणी. यात उदास कोण?

उदास असायचो तो मी, प्रॅक्टिकलला. आम्लाच्या बरोबरीला किती कॉस्टिक लागतं ते मोजायचं. कोनिकल फ्लास्कमध्ये १० मिली आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लात बिनरंगी, अल्कात गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब, आणि वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मापनळीतून, थेंब थेंब कॉस्टिक. सर सांगायचे, "फिकट गुलाबी. जेमतेम." बराच वेळ काहीच व्हायचं नाही. एखादा थेंब पडे तिथे गुलाबी भोवरा उठायचा, हलवलं की गायब. कंटाळून तोटी जरा सैल केली की एकदम राणी कलर! मागे फिरायची सोय नाही. शेजारच्या बाकावरचं रीडिंग हळूच वहीत उतरायचं.

गंमत म्हणजे तो फिकट गुलाबीसुद्धा बरोबरीचा रंग नव्हेच. अगदी बरोबरीला पाणी बिनरंगीच असतं. गुलाबी दिसलं याचा अर्थ अल्क केसभर पुढे गेलेलं असतं. म्हणजे मी नापास होत होतो ते फक्त थोडं जास्त पुढे गेल्याबद्दल. हे तेव्हा कळलं असतं तर सरांशी वाद घातला असता. घातला नसता म्हणा.

डाग काही निघाला नाही. हळद उन्हाने विटते, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. शर्ट गच्चीवर टाकलाय. ढग आलेत.