शिकागो विद्यापीठ निवडताना
मुलीला शिकागो विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा घरात चर्चा झाली ती थंडीची आणि सुरक्षिततेची, आणि ती चिंता रास्तच होती. परंतु माझ्या मते खरा प्रश्न तिथल्या अभ्यासाच्या शिस्तीचा होता. १८९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे वर्ष तिमाहींत विभागलेले असते, त्यामुळे विषयात जेमतेम रुळावे तोच परीक्षा येते. शिवाय गणित शिकणाऱ्यालाही ‘कोअर’ म्हणजे सर्वांना सक्तीच्या सामायिक अभ्यासक्रमात साहित्य आणि तत्त्वज्ञानाचे मूळ ग्रंथ वाचून वर्गात चर्चा करावी लागते. असा वाद घालणे तिला मनापासून आवडते, म्हणून मी होकार दिला. विद्यापीठ ज्या भागात आहे तो हाइड पार्क हा परिसर मिशिगन सरोवराकाठी, शहराच्या मध्यभागापासून सुमारे ११ किलोमीटर दक्षिणेस आहे; लोकलने कलासंग्रहालयात सहज जाता येते, हेही मला मोलाचे वाटले.