देहयष्टीमुळे मर्यादित

हृदयाचा इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्रण, करणाऱ्या तंत्रज्ञाने पेशंटशी निदानाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. पडद्यावर काहीही दिसो, चेहरा कोरा ठेवायचा, चित्रे घ्यायची, मोजमापे करायची आणि अहवालाचा कच्चा मसुदा हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवून द्यायचा, हे मी आधी पुण्यात पाच वर्षे आणि नंतर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात अकरा वर्षे करत आले आहे. मसुदा लिहिताना बरीचशी वाक्ये टाइप करावी लागत नाहीत, कारण संगणकावर त्यांची यादी तयार असते आणि एका टिचकीसरशी ती अहवालात येऊन बसतात. त्या यादीतले सगळ्यात वापरलेले वाक्य म्हणजे ‘पेशंटच्या देहयष्टीमुळे तपासणी तांत्रिकदृष्ट्या कठीण’. चित्र धूसर आले की हे वाक्य टाकायचे. ते टाकले की आपली जबाबदारी संपते.

गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी इमर्जन्सी विभागातून मागणी आली, त्यात कारण लिहिले होते: श्वास लागणे, अतिस्थूलता, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४६. अशी मागणी दिसली की आमच्या खोलीतल्या प्रत्येकाला अचानक दुसरे काम आठवते. यामागे निव्वळ दुष्टपणा नाही. जाड छातीच्या भिंतीतून हृदय गाठायचे तर छातीवर टेकवायचा प्रोब अर्धा तास दाबून धरावा लागतो आणि खांदा किंवा मनगट दुखत नाही असा या धंद्यातला माणूस मला अजून भेटायचा आहे. मी माझ्या फिलिपिनो सहकारिणीला अदलाबदल करतेस का म्हणून विचारले. तिने मागच्या आठवड्यातले असे दोन पेशंट आपणच केल्याचे सुनावले, तेव्हा मी मशीन ढकलत निघाले. म्हणजे पेशंटचे तोंडही पाहण्यापूर्वी मी तिला टाळून पाहिले होते.

लिफ्टची वाट बघताना मी तिची फाइल वाचली. वय ३१, कृष्णवर्णीय, शाळेत शिक्षिका, बाळंत होऊन २४ दिवस झालेले. आठ दिवसांपूर्वी ती याच इमर्जन्सीत दम लागतो म्हणून आली होती, तेव्हा तिला नव्या आईची चिंता आणि वाढलेले वजन अशी दोन कारणे सांगून, आहारतज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी देऊन घरी पाठवले होते. वाढलेले वजन ही गोष्ट खरीच होती. बाळंतपणानंतर घरी जाताना जे वजन नोंदवले होते, त्यात पहिल्या भेटीपर्यंतच्या १४ दिवसांत साडेसहा किलोंची भर पडली होती. तो आकडा तिरक्या अक्षरांत छापलेला होता आणि त्याच्या पुढे कोणीतरी ‘जीवनशैलीबद्दल समुपदेशन केले’ असे लिहिले होते.

हा हिशेब मी तिथेच, लिफ्टसमोर केला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. साडेसहा किलो चरबी चढायला साधारण ५०,००० कॅलरी लागतील, म्हणजे चौदा दिवस रोज आपल्या गरजेपेक्षा साडेतीन हजार कॅलरी जास्त. अंगावर पाजणाऱ्या, रात्र-रात्र जागणाऱ्या आणि जिना चढताना तीनदा थांबणाऱ्या बाईने हे कधी आणि कसे खाल्ले असेल, असा प्रश्न वजनकाट्याचा आकडा वाचणाऱ्या एकालाही पडला नव्हता. इतक्या वेगाने माणसाच्या अंगात चरबी साठत नाही, पाणी साठते, आणि हे वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. काट्याने निदान सांगितले होते. वाचणाऱ्यांनी त्यात तिचा स्वभाव वाचला.

बाकीच्या नोंदीही एकमेकींना दुजोरा देत होत्या. छातीचा एक्स-रे देहयष्टीमुळे अस्पष्ट. हृदय थकल्याचे सांगणारी बीएनपी ही रक्तचाचणी पहिल्या भेटीत ८४, म्हणजे १०० च्या आत. खरे तर जाड माणसांत बीएनपी मुळातच कमी निघते, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा निम्म्यापर्यंत खाली आणावी, असे जाणकार सांगतात. कृष्णवर्णीयांतही बीएनपीसारखी द्रव्ये सरासरीने कमी आढळतात. म्हणजे ८४ हा आकडा तिच्याबाबतीत धीर देणारा नव्हताच. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९४ होते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले होते, की हे यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. त्या संध्याकाळी तिच्या धमनीतले रक्त तपासले तेव्हा ऑक्सिजन ८७ निघाला. आणि शेवटची नोंद अशी, की पाच महिन्यांपूर्वी, गरोदरपणात धडधडते म्हणून केलेला इको आमच्याच विभागाचा होता आणि त्यात हृदयाचे काम ‘दिसते तितपत सामान्य’ असल्याचे म्हटले होते. रेसिडेंट डॉक्टरने त्या अहवालाचा आधार घेतला होता. तो मुलगा हुशार आहे आणि कामालाही चोख आहे. त्याने एकही आकडा चुकवला नव्हता.

खोलीत ती पलंगाच्या कडेला पाय सोडून, समोरच्या टेबलावर हात टेकून बसली होती. तिची आई कोपऱ्यात उभी होती. मी नेहमीप्रमाणे डाव्या कुशीवर झोपायला सांगितले, तेव्हा आईच म्हणाल्या, “बाळ, ती झोपूच शकत नाही. माझी मुलगी बारा रात्री खुर्चीत बसून काढते आहे, हे सांगितलेला तू चौथा माणूस.” त्यांचे खोटे नव्हते, फाइलमध्ये तशी नोंद होती: ‘खुर्चीत झोपते, स्थूलतेमुळे झोपेत श्वास अडकण्याचा विकार असण्याची शक्यता.’ आडवे झाल्यावर गुदमरणे हे हृदय निकामी होऊ लागल्याचे जुने, पुस्तकी लक्षण आहे. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले होते आणि त्यांचा अर्थ मात्र तिच्या आकारमानावरून लावला होता.

मी पलंग अर्धा उभा केला, तिच्या उजव्या पाठीमागे पाचरीसारखी उशी खुपसली, गादीचा कापलेला भाग उघडला म्हणजे प्रोब खालून शिरवता येतो, आणि दुधाने जड झालेला स्तन तिलाच वर धरायला सांगितला. हात लावण्याआधी विचारायचे असते. गर्दीच्या दिवशी आमच्यापैकी निम्मे जण विचारत नाहीत, आणि कोणाला विचारले जात नाही याचीही एक ठरावीक पद्धत आहे. पहिली खिडकी, म्हणजे फासळ्यांमधून हृदय दिसणारी जागा, उरोस्थीच्या डाव्या बाजूची. चित्र दुधी काचेतून पाहावे तसे आले, पण एक गोष्ट दिसली. निरोगी हृदयात मिट्रल झडपेचे पुढचे पान उघडताना हृदयाच्या मधल्या पडद्याला जवळजवळ टेकते; मध्ये सात मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर राहिले, तर डावा खालचा कप्पा फुगला आहे किंवा थकला आहे असे समजायचे. इथे ते पान दमल्यासारखे अर्धवट हलत होते आणि अंतर २० मिलिमीटर भरले.

यानंतर हृदयाच्या टोकाकडची खिडकी. तिथे मात्र करड्या रंगाशिवाय काहीच नव्हते. श्वास सोडून थांबा म्हटले, एक फासळी वर गेले, एक खाली आले, वारंवारता कमी केली, माझा अंगठा बधिर झाला, आणि माझा कर्सर त्या तयार वाक्यावर जाऊन उभा राहिला. नियम असा आहे, की हृदयाच्या भिंतीचे लागून असलेले दोन किंवा अधिक भाग दिसत नसतील तर शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यावे. त्यासाठी नर्स हवी, डॉक्टरची सही हवी, वीस मिनिटे हवीत, आणि दिवसाला दहा तपासण्यांचे गणित सांभाळणाऱ्या विभागात ही वीस मिनिटे सगळ्यात आधी कापली जातात. नर्सला बोलावले तर ती म्हणाली, “एवढ्या मोठ्या बाईचे चित्र कधी चांगले येते का?” मी सही मिळेपर्यंत तिथेच बसून राहिले.

कॉन्ट्रास्ट म्हणजे वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे. ते डाव्या कप्प्यात शिरले आणि काळोख्या खोलीत ट्यूबलाइट लागावी तसा तो कप्पा पांढरा झाला. तो फुगलेला होता आणि आकुंचन पावायचे म्हणून जरासा थरथरत होता. एका ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त बाहेर जायला हवे तिथे २० ते २५ टक्केच जात होते. टोकाशी मात्र दीड सेंटिमीटरचा एक गोल भाग काळाच राहिला. बुडबुडे त्याला वळसा घालून जात होते. ती रक्ताची गुठळी होती, आणि सुटली असती तर मेंदूच्या दिशेने जाऊ शकली असती. पेशंट पडद्याकडे पाहतच नव्हती, ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी आवाज सांभाळून “डॉक्टर लगेच येतील” इतकेच म्हटले. आई म्हणाल्या, “लगेच हा शब्द इथे पहिल्यांदाच ऐकते आहे.”

त्या दिवशीचे हृदयरोगतज्ज्ञ आपल्याच देशातले. मी फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न “वजन किती?” हा होता. चित्रे पाहिल्यावर ते एक शब्द न बोलता खाली धावले. बाळंतपणाच्या आगेमागे होणारा हा हृदयस्नायूचा आजार कृष्णवर्णीय स्त्रियांत अधिक आढळतो, हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने ठाऊक आहे. सहा दिवसांत औषधांनी तिच्या अंगातून सात किलो पाणी काढले.

याच राज्यात, अटलांटात, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या साथरोगतज्ज्ञ शॅलन अर्व्हिंग जानेवारी २०१७ मध्ये, बाळंतपणानंतर सुमारे तीन आठवड्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या गुंतागुंतीने गेल्या, तक्रारी घेऊन वारंवार दाखवायला जाऊनही. आरोग्यातली विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. २०२१ साली अमेरिकेत दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९ आणि गोऱ्या मातांचे २६.६ होते. या तफावतीवर चर्चा निघाली की आमच्या जेवणाच्या खोलीत कोणीतरी समजूतदारपणे म्हणतोच, की त्यांच्यात लठ्ठपणा फार आहे हो. एका वाक्यात प्रश्न मिटतो आणि पोळी थंड होत नाही.

मला यात वेगळे टोचते ते आपल्या लोकांसाठी केलेल्या सवलतीमुळे. पुण्यात शिकताना केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ सालचे ते प्रसिद्ध छायाचित्र आम्हाला दाखवले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण एकाच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि दुसऱ्याच्या ९.१. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, याचे ते उत्तर होते. तो आकडा आपल्याबाबतीत खोटे बोलतो हे मान्य झाले, आणि आता अमेरिकेतही आशियाई माणसाची मधुमेहाची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ वरच सुरू करायला सांगतात. म्हणजे आमच्या सडपातळपणाच्या आत डोकावून पाहायला शास्त्र तयार झाले. कृष्णवर्णीय स्त्रियांत त्याच बीएमआयला पोटातली, अवयवांभोवतीची चरबी गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी असते, हेही मोजलेले आहे. पण त्यांच्या आकड्याच्या आत डोकावण्याची गरज कोणाला वाटत नाही, तिथे आकडा दिसला की पाहणे थांबते.

बीएमआयचे हे सूत्र मुळात केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात युरोपातल्या ‘सरासरी माणसा’चा शोध घेताना मांडले आणि १९७२ मध्ये अँसल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले, त्यात वंशाच्या अंगाने अन्याय झाला आहे हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२३ मध्ये ठरावाने कबूल केले. पण सूत्राच्याही आधी नजर होती. दक्षिण आफ्रिकेच्या सारा बार्टमनला १८१० मध्ये लंडनमध्ये तिच्या नितंबांसाठी तिकीट लावून दाखवले, १८१५ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली तेव्हा क्युव्हिए या थोर शास्त्रज्ञाने तिचे विच्छेदन केले, आणि तिचे अवशेष १९७० च्या दशकापर्यंत संग्रहालयात मांडलेले होते. मायदेशी माती मिळायला २००२ साल उजाडले. काळ्या बाईचे जाड शरीर म्हणजे बेशिस्तीचा पुरावा, ही कल्पना तेव्हा शास्त्राच्या भाषेत लिहिली गेली. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही. ‘गोरी, सडपातळ’ या जोडशब्दावर आपल्या वधू-वर सूचक सदरांचे शतक निघाले आहे, आणि मीही त्याच घरातून इथे आले.

सहा महिन्यांनी ती फेरतपासणीला आली, तेव्हा हृदय ५० टक्क्यांवर आले होते आणि गुठळी विरघळली होती. २०२१ पासून इथे पेशंटला आपले अहवाल फोनवर लगेच वाचता येतात. तिने सगळे वाचले होते. जेल पुसता पुसता ती सहज म्हणाली, “गरोदरपणातल्या त्या इकोत मला कठीण म्हटले होते. मला आठवते आहे, मी तर अगदी गप्प पडून होते.”

त्या जुन्या अहवालावर तंत्रज्ञाची आद्याक्षरे कोणाची आहेत, ते मला मंगळवारीच लिफ्टसमोर दिसले होते. ती माझी आहेत. तो पेशंट मला आठवत नाही, तिला मी आठवत नव्हते, आणि मी तिला सांगितले नाही. त्या संध्याकाळी मी ती जुनी तपासणी पुन्हा उघडून पाहिली. टोकाकडच्या खिडकीची दोनच चित्रे होती, दोन्ही करडी, कॉन्ट्रास्ट दिलेले नव्हते. आजार बहुधा तेव्हा सुरूही झाला नसेल. बहुतेकींत तो शेवटच्या महिन्यात किंवा नंतरच होतो. त्या दोन चित्रांवरून ते ठरवता येत नाही. पहिल्या आणि शेवटच्या चित्रावरची वेळ मात्र स्पष्ट आहे. आमची पूर्ण तपासणी चाळीस मिनिटांची असते; तिला मी चौदा मिनिटे दिली होती.