तुम्ही विचारलंत म्हणून: देंग तुओचं शेवटचं पत्र

व्याख्यान संपलं की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "मरतानाही ज्यानं माओचा जयजयकार लिहिला, त्या पत्रकाराचं तुम्हाला एवढं काय?" आजवर टाळत आले. आता एकदाच सांगून टाकते.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: देंग तुओ छुपा बंडखोर होता. १९६१-६२ मध्ये तो बीजिंगच्या सायंदैनिकात टोपणनावानं 'यानशानच्या रात्रीच्या गप्पा' लिहायचा. त्यातली अंड्याची गोष्ट मी हटकून सांगायचे. एकाला अंडं सापडतं. अंड्यातून कोंबड्या, कोंबड्यांतून गाई असे इमले रचत तो दुसरी बायको आणण्यापर्यंत पोचतो आणि पहिली बायको अंडंच फोडून टाकते. आपल्या शेखचिल्लीचीच जात. मग मी म्हणायचे, बघा, 'ग्रेट लीप' या झटपट उत्पादनवाढीच्या मोहिमेतून आलेल्या दुष्काळावरून माओला कसा टोला हाणला!

आणि मग मी माओच्या गोटातल्या याओ वनयुआन या टीकाकाराचा, देंग तुओवर तुटून पडणारा १० मे १९६६चा लेख नीट वाचला. त्याचाही आरोप हाच होता: जुन्या गोष्टींच्या आडून कम्युनिस्ट पक्षावर वार. मी जे कौतुकानं सांगत होते, त्याच वाचनानं देंग तुओचा जीव घेतला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

१६ मेला 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्रानं देंग तुओला गद्दार ठरवणारा लेख छापला. १९४९ ते १९५७ तो स्वतः त्याच पेपरचा मुख्य संपादक होता. १७ मेच्या रात्री तो पक्षाच्या शहर समितीला लांबलचक पत्र लिहीत बसला. माझे मिळून १७१ लेख आहेत, त्यातले चुकीचे किती, चूक कसली, कुणाकडून तरी पुन्हा तपासून घ्या, असं त्यात आहे. शेवटी पक्षाचा आणि माओचा जयजयकार. मग बायकोला चार ओळी: छाती धडधडतेय, पोटाचं दुखणंही छळतंय, जास्त लिहीत नाही, मला कायमचं विसरून जा. ही बायको म्हणजे दिंग यीलान. १ ऑक्टोबर १९४९ला तिआनानमेनवरून नव्या राज्याच्या स्थापनेचं रेडिओ निवेदन करणाऱ्या दोघांपैकी एक. झोपेच्या गोळ्या घेऊन तो गेला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. १९७९मध्ये त्याला निर्दोष ठरवलं.

कबूल करते, सुरुवातीच्या व्याख्यानांत मी बायकोचं पत्र वाचायचे आणि जयजयकाराची ओळ गाळायचे. मला त्या ओळीची लाज वाटायची. पण तुमचा तो खवचट स्वरही मला सहन होत नाही. मुलाबाळांवर बालंट नको म्हणून त्यानं ती ओळ लिहिली असेल, असं माझी एक मैत्रीण म्हणते. असेल. पण तरुणपणापासून ज्या पक्षासाठी राबला, त्याच्यावर त्याचा खरोखरच जीव असेल, तर? मग १७१ लेख तपासा म्हणणारा तो माणूस मला जास्तच छळतो. कधी एक पटतं, कधी दुसरं.

अंड्याची गोष्ट मी अजून सांगते. बायको अंडं फोडते, तिथेच थांबते.