लिफ्टवर ट्रेन थांबली आणि बिल पोराच्या नावावर फाटलं

एक्सप्रेसवेजवळच्या एका पार्कात रोलर कोस्टरच्या मेन्टेनन्सला आहे, नाव नको. सकाळी गेट उघडायच्या आत ट्रॅक चालून बघायचा, चाकं, चेन, सीटचे लॉक तपासायचे, मग रिकाम्या ट्रेन फिरवायच्या. थंडीत सकाळी ट्रेन जरा आळसावलेली असते आणि मे महिन्यात दुपारी सुसाट, हे बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही.

तर मेमधला रविवार, दुपारची वेळ, तुफान गर्दी, आणि भरलेली ट्रेन लिफ्टवर, म्हणजे चेन तिला वर ओढते त्या चढावर, अर्ध्यात थांबली. लोकांना वाटतं चेन तुटली की सगळे मागे घरंगळणार. अरे बाबांनो, वर जाताना जो टकटक आवाज येतो ना तो ट्रेनखालच्या डॉगचा, म्हणजे लोखंडी खिट्टीचा असतो, ट्रेन मागे यायला लागली तर तो ट्रॅकवरच्या दात्यात अडकतो आणि ट्रेन तिथेच धरून ठेवतो. आणि ट्रॅकचे ब्लॉक, म्हणजे टप्पे, असतात, रेल्वेच्या सिग्नलसारखे, एका ब्लॉकमध्ये एकच ट्रेन. पुढचा ब्लॉक मोकळा दिसला नाही की लिफ्ट आपोआप थांबते, म्हणजे बिघाड झाला म्हणून नाही तर सिस्टीम जागी आहे म्हणून.

पॅनलवर मधल्या ब्रेकचा ब्लॉक भरलेला दिसत होता. गंमत म्हणजे दोनच ट्रेन चालू होत्या आणि दुसरी स्टेशनात समोर उभी, लोक उतरतायत. ड्युटी मॅनेजर वायरलेसवर ओरडतोय, "रिसेट मार रे, रिकामा आहे ब्लॉक, दिसतंय ना!" ऑपरेटर नवीन पोरगा, इथलाच गावातला. तो म्हणाला, "सर, ट्रेन नाहीये पण सेन्सरला लोखंड दिसतंय. ट्रेनचाच एखादा पार्ट पडला असेल तर?" बास. या एका वाक्यावर मी त्याला चहा पाजला असता. प्रॉक्सिमिटी सेन्सरला माणूस कळत नाही, ट्रेन कळत नाही, काही मिलिमीटरवर धातू आहे की नाही एवढंच कळतं. आमच्या एसी केबिनमधल्या साहेबांना हे कोण सांगणार.

मी ट्रॅकवर गेलो, इकडे पोरांनी लोक उतरवायला घेतले. एका वेळी एकच रो, हाताने लॉक सोडायचा, मग कडेच्या जिन्याने खाली. एक मावशी नऊवारीत, कठडा घट्ट धरून, "बाळा, खाली बघू का नको?" उतरवणारा पोरगा म्हणाला, "माझ्या टोपीकडे बघा मावशी." त्या शांतपणे उतरल्या, खालून व्हिडिओ काढणारे मात्र "पडली पडली" करून किंचाळत होते, पडलं कोणीच नव्हतं.

वर बघतो तर सेन्सरच्या ब्रॅकेटचा बोल्ट सैल, सेन्सर कलंडून स्वतःच्याच पट्टीकडे तोंड करून बसलेला. घट्ट केला, गॅप मोजला, रिकाम्या फेऱ्या मारल्या, राईड चालू.

आता मॅनेजरचं म्हणणं, ब्लॉक रिकामाच निघाला ना, मग मी बरोबर होतो. आणि इथेच माझं डोकं अडकलंय, कारण निकाल बघितला तर खरंच तो बरोबर. पण त्या क्षणी हे कुणाला माहीत होतं? ट्रॅकवर खरंच चाकाचं कव्हर पडलेलं असतं तर वायरलेसवर ओरडणारा आवाज कुणाचा होता हे रिपोर्टात आलं असतं का?

व्हिडिओ व्हायरल झाला, त्या ऑपरेटर पोराला डॅशिंग कारवर टाकलं. डाउनटाइमच्या, म्हणजे राईड बंद राहिल्याच्या, शीटवर कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचा उशीर' लिहून माझ्याकडे सहीला आलं. मी ते खोडून 'ब्रॅकेट बोल्ट सैल' लिहिलं आणि परत पाठवलं. पुन्हा तेच लिहून आलंय, आणि सही मी अजून केलेली नाही.